गुण भागिले सेकंद

बारा पुठ्ठ्याची लक्ष्यं आणि प्रत्येकावर दोन गोळ्या. मध्यभागी लागलेल्या गोळीला पाच गुण, म्हणजे अख्ख्या टप्प्याचे १२०. पहिला नेमबाज चोवीसच्या चोवीस गोळ्या मध्यभागी घालतो आणि १५ सेकंद घेतो. दुसरा १२ सेकंदांत मोकळा होतो, पण त्याच्या सहा गोळ्या जरा बाहेर, तीन गुणांच्या भागात जातात आणि त्याचे १०८ होतात. जिंकलं कोण? १२० भागिले १५ म्हणजे ८. १०८ भागिले १२ म्हणजे ९. दुसरा जिंकला. तिसराही १२ सेकंदांतच येतो. त्याच्या बावीस गोळ्या अगदी मध्यात आहेत, पण दोन साफ हुकल्या आहेत. हुकलेल्या प्रत्येक गोळीला दहा गुण कापतात, म्हणून ११० वजा २०, म्हणजे ९०. भागिले १२, साडेसात. तो पहिल्याच्याही मागे पडला.

या भागाकाराला हिट फॅक्टर म्हणतात आणि त्यावर चालणाऱ्या खेळाला प्रॅक्टिकल शूटिंग. या खेळातलं पिस्तूल, कमरेचा पट्टा, उभं राहण्याची ढब, डोळा कुठे ठेवायचा याची शिस्त, सगळं काही त्या एका भागाकाराने घडवलेलं आहे, असं माझं मत आहे. खेळ सुरू करणाऱ्यांच्या मनात वेगळंच होतं. पण सूत्र एकदा ठरलं की खेळाडू सूत्राचं ऐकतात, संस्थापकांचं नाही.

आपल्याला पिस्तूल नेमबाजी माहीत आहे ती ऑलिंपिकच्या वळणाची. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्णपदक मिळवलं. त्या प्रकारातही घड्याळ असतं. वेगवान फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसतं आणि सात सेकंद दडतं, तेवढ्यात हात खालून वर आणून एक गोळी सोडायची. मात्र गोळी दोन सेकंदांत सुटली काय आणि पावणेतीन सेकंदांत सुटली काय, गुण तेवढेच. नेमबाज एका जागी उभी, पिस्तूल एका हातात, काडतूस .२२ चं. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये पिस्तूल होल्स्टरमध्ये असतं, नेमबाज पळतो, भिंतीआडून वाकून पाहतो, मध्येच मॅगझिन बदलतो आणि कुठलं लक्ष्य आधी मारायचं हे स्वतः ठरवतो. सेकंदाचा प्रत्येक शंभरावा भाग त्याच्या खात्यावर पडत असतो.

याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या बिग बेअर लेक या डोंगरी गावातली. अमेरिकन मरीन दलातले निवृत्त लेफ्टनंट कर्नल जेफ कूपर यांनी १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे ‘लेदरस्लॅप’ नावाच्या झटपट पिस्तूल उपसण्याच्या स्पर्धा भरवल्या. काउबॉय सिनेमांचा तो काळ. बहुतेक जण पिस्तूल उपसून कमरेजवळूनच, नेम न धरता गोळ्या झाडत. सात यार्डांवर मोठाले फुगे टांगलेले असत आणि तरीही पहिल्या काही गोळ्या धुळीत जात. लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यातले कर्मचारी जॅक वीव्हर यांनी हे पाहिलं आणि रिव्हॉल्व्हर डोळ्यांसमोर आणून, दोन्ही हातांनी धरून, माशी पाहून गोळी झाडायला सुरुवात केली. यात क्षणभर जास्त जायचा, पण गोळी लागायची. १९५९ साली त्यांनी तिथली स्पर्धा जिंकली. अंग तिरकं, कोपरं वाकलेली, उजवा हात पुढे रेटतोय आणि डावा मागे ओढतोय अशी त्यांची ढब. कूपर यांनी ती उचलली आणि तिला वीव्हर यांचंच नाव देऊन जगभर शिकवली.

१९७५ साली झुरिचला पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि अमेरिकेचे रे चॅपमन जिंकले. पुढच्या वर्षी, मे १९७६ मध्ये, मिसुरी राज्यातल्या कोलंबिया शहरात परिषद भरून इंटरनॅशनल प्रॅक्टिकल शूटिंग कॉन्फेडरेशन, म्हणजे आयप्सिक, ही संघटना जन्माला आली. कूपर पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, ताकद आणि वेग या तिन्हींचा समतोल तपासायचा, हे ब्रीद ठरलं.

अचूकता मोजायला पुठ्ठा आहे आणि वेग मोजायला घड्याळ. ताकद कशी मोजायची? त्यासाठी गोळीचं वजन ग्रेनमध्ये घ्यायचं, तिच्या दर सेकंदाच्या फुटांतल्या वेगाने गुणायचं आणि हजाराने भागायचं. याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १२४ ग्रेनची गोळी दर सेकंदाला १०५० फूट गेली तर १३०.२. यावरून दोन गट पडतात, कमी ताकदीचा मायनर आणि जास्त ताकदीचा मेजर. मायनरची किमान पातळी १२५ आहे. मेजरची, साहित्यानुसार पाडलेल्या बहुतेक विभागांत १७०, ओपन विभागात १६०. मेजरवाल्याला धक्का जास्त सोसावा लागतो, त्याची भरपाई म्हणून मध्यभागाबाहेरच्या गोळीला तीनऐवजी चार गुण, आणि त्याहूनही बाहेरच्या गोळीला एकाऐवजी दोन. नेमबाजांच्या भाषेत हे भाग म्हणजे अल्फा, चार्ली आणि डेल्टा. स्पर्धेत खेळाडूंच्या पेटीतून काडतुसं काढून घेतात, वेगमापकावरून झाडतात आणि गोळी तराजूवर तोलतात. मेजर सांगून कमी भरलं तर मायनरचे गुण. मायनरच्याही खाली गेलं तर दोन दिवसांची मेहनत शून्य.

ही अट घातली ती कमजोर काडतुसांनी कुणी फायदा उपटू नये म्हणून. पण आकडा ठरल्यावर खेळाडू आकड्याच्या अगदी वरच्या काठाला येऊन बसले. मायनरमध्ये बरेच जण जड आणि संथ गोळी वापरतात, कारण तेवढ्याच पॉवर फॅक्टरला हाताला बसणारा झटका मऊ वाटतो. ओपन विभागात तर उलटंच. तिथे नळीच्या तोंडाला कॉम्पेन्सेटर लावायची मुभा आहे. त्याच्या वरच्या भोकांतून वायू वर उसळतो आणि नळीला खाली दाबतो. वायू जितका जास्त तितका दाब चांगला, म्हणून ओपनवाले हलक्या गोळीमागे भरपूर दारू भरतात. जास्त दारू घालून पिस्तूल कमी उसळवायचं! शेजारी उभ्या असलेल्याच्या छातीत तो आवाज घुमतो, पण पिस्तुलावरच्या नेमाच्या काचेतला लाल ठिपका जागचा फारसा हलत नाही.

तो लाल ठिपकासुद्धा भागाकाराचीच देणगी. साध्या पिस्तुलावर मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन अंतरांवरच्या तीन वस्तू जुळवाव्या लागतात. डोळा एका वेळी एकच स्पष्ट पाहतो, म्हणून परंपरेने माशी स्पष्ट ठेवतात आणि लक्ष्य धूसर. ठिपक्याच्या काचेत हे कामच उरत नाही. डोळा लक्ष्यावर ठेवा, ठिपका तिथे आला की चाप ओढा. १९९०च्या आसपास मोठ्या स्पर्धांचे मानकरी असं पिस्तूल घेऊन येऊ लागले. डग कोनिग आणि जेरी बार्नहार्ट ही त्या बदलातली नावं. साध्या पिस्तुलाच्या खेळाडूला त्यांच्यासमोर उभं करणं अन्याय ठरू लागलं आणि साहित्यानुसार विभाग पाडावे लागले. आज ओपन, स्टँडर्ड, प्रॉडक्शन, प्रॉडक्शन ऑप्टिक्स, क्लासिक, रिव्हॉल्व्हर असे विभाग आहेत. स्टँडर्डचं पिस्तूल २२५ × १५० × ४५ मिलिमीटरच्या पेटीत बसलंच पाहिजे, ओपनच्या मॅगझिनची लांबी १७० मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. पंचांकडे खरोखरची पेटी असते. पिस्तूल तिच्यात पूर्ण बसतं का ते पाहतात.

प्रॉडक्शन विभागाची गंमत जास्त बोलकी आहे. दुकानातून घेतलेल्या, पोलीस-लष्कराच्या वापरातल्या पिस्तुलांसाठी तो काढला. टप्पा सुरू होताना मॅगझिनमध्ये पंधराच काडतुसं, ठिपका नाही, कॉम्पेन्सेटर नाही. हेतू असा, की ग्लॉकसारखं नेहमीचं पिस्तूल घेऊन कुणीही यावं. मग चेक कारखान्याने सीझेड शॅडो २ बाजारात आणलं. सगळं पोलादी, रिकामं असतानाच सुमारे १.३ किलो, प्लॅस्टिकच्या सांगाड्याच्या ग्लॉक १७ च्या जवळजवळ दुप्पट. एवढं ओझं दिवसभर कमरेला बाळगायला कुठला हवालदार तयार होईल? पण झाडताना तेच वजन झटका गिळतं. कारखान्यात बनतं आणि दुकानात मिळतं, म्हणजे नियमात बसतं. आज प्रॉडक्शनच्या रांगेत उभं राहिलं तर शॅडो नजरेआड करणं कठीण.

उभं राहण्याची आणि धरण्याची रीतही अशीच बदलली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ॲरिझोनाचे रॉब लेदम आणि ब्रायन एनॉस हे दोन मित्र वीव्हरची तिरकी ढब सोडून लक्ष्याला सरळ सामोरे उभे राहू लागले. दोन्ही हात सारखे पुढे, गुडघे सैल, वजन पुढच्या बाजूला. जुन्या प्रशिक्षकांना ते पटेना. १९८३ साली लेदम जागतिक विजेते झाले आणि वाद जवळपास मिटला. वीव्हरच्या ढबीत डावीकडून उजवीकडे वळताना एक बाजू अडते. सरळ उभं राहिलं तर कमरेपासून वरचा भाग तोफेच्या बुरुजासारखा दोन्हीकडे सारखाच फिरतो. शिवाय पळता पळता थांबायचं तर पाय जिथे पडतील तिथूनच झाडावं लागतं, रेखीव ढब घ्यायला वेळ नसतो.

पकड जरा जवळून पाहू. उजव्या हाताचं अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला जितकं वर जाईल तितकं वर. नळी हाताच्या जितकी जवळ तितकी उसळी कमी. उजव्या तळव्याने डाव्या बाजूला मुठीचा जो भाग मोकळा सोडलेला असतो, तिथे डाव्या हाताचा तळवा घट्ट बसवायचा. डावं मनगट पुढे-खाली झुकवून आवळायचं, दोन्ही अंगठे पुढे लक्ष्याकडे. नवशिका नेमकं उलटं करतो. उजव्या हाताने जीव खाऊन आवळतो, मग त्याच हाताची तर्जनी ताठरते आणि चाप ओढताना पिस्तूल खाली-डावीकडे ढकललं जातं. जोर डाव्या हाताने द्यायचा, उजवा त्या मानाने मोकळा ठेवायचा, म्हणजे तर्जनीला स्वतंत्रपणे चालता येतं. पिस्तूल उसळणारच. ते उसळूच नये म्हणून धडपडण्यात अर्थ नाही. उसळून प्रत्येक वेळी त्याच जागी परत यावं एवढंच पकडीने करायचं असतं.

एनॉस यांनी १९९० साली या विषयावर पुस्तक लिहिलं, ते आजही नेमबाजांच्या हातात दिसतं. त्यांचा भर पाहण्यावर आहे. चाप सुटताना माशी किंवा ठिपका नेमका कुठून वर उचलला गेला हे ज्याला दिसलं, त्याला गोळी कुठे लागली हे पुठ्ठ्याकडे न पाहता कळतं. चुकली असेल तर तो तिथेच दुसरी झाडतो, परत मागे यावं लागत नाही. इथेही हिशेब आहे. हिट फॅक्टर ८ असेल तर अल्फाऐवजी चार्ली लागली म्हणजे मायनरमध्ये दोन गुण गेले, म्हणजे पाव सेकंद. चार्ली सुधारायला जास्तीची एक गोळी त्याहून कमी वेळात सुटत असेल तरच सोडायची. साफ हुकली तर पाच न मिळालेले आणि दहा कापलेले मिळून पंधरा गुण, जवळजवळ दोन सेकंद. तिथे विचार करायचाच नाही. उलट लांबच्या, अवघड टप्प्यावर हिट फॅक्टर ४ वर येतो आणि तीच चार्ली अर्धा सेकंद खाते. म्हणून चांगला खेळाडू टप्पा पायी फिरून पाहतो तेव्हा इथे घाई किती परवडेल हेच मनात मांडत असतो.

बाकी वेळ झाडण्यात जातच नाही. दोन गोळ्यांमधलं अंतर कसलेल्या खेळाडूचं सेकंदाच्या पाचव्या भागाइतकं असतं. ते आणखी कमी करून फार हाती लागत नाही. वेळ जातो तो उपसण्यात, मॅगझिन बदलण्यात, एका जागेवरून दुसरीकडे पोचण्यात. म्हणून सराव बहुतेक घरी, रिकाम्या पिस्तुलाने, भिंतीसमोर होतो. पट्ट्यावरच्या पाकिटातून मॅगझिन काढताना तर्जनी त्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, टोक वरच्या काडतुसाच्या गोळीला लागलेलं. पिस्तूल चेहऱ्यासमोरच ठेवून मुठीचं तोंड आत वळवायचं आणि क्षणभर त्या तोंडाकडे पाहायचं. बोट जिथे दाखवतं तिथे मॅगझिन जातं.

हा सगळा वेग ज्या शिस्तीत बांधलेला आहे ती कडक आहे, आणि मला तरी ती खेळाइतकीच प्रेक्षणीय वाटते. जगात कुठेही मोठी स्पर्धा असो, हुकूम इंग्रजीतच दिले जातात. “लोड अँड मेक रेडी.” खेळाडू पिस्तूल भरून होल्स्टरमध्ये ठेवतो. “आर यू रेडी?” मग “स्टँडबाय”, आणि एक ते चार सेकंदांत केव्हाही टायमरची शिट्टी. नळी ठरवलेल्या मर्यादेबाहेर मागे वळली, पळताना बोट चापावर दिसलं, पिस्तूल हातातून पडलं, की स्पर्धा तिथेच संपली. जागतिक विजेता असला तरी सामान आवरून घरी. शेवटी पिस्तूल रिकामं करून पंचाला दाखवायचं, रिकामा घोडा पाडायचा, होल्स्टरमध्ये ठेवायचं. “रेंज इज क्लिअर” हे शब्द ऐकू येईपर्यंत पुठ्ठ्यांकडे कुणी पाऊल टाकत नाही.

एवढं करूनही या खेळावरची शंकेची नजर हटत नाही. माणसाच्या आकृतीची लक्ष्यं लोकांना खटकतात म्हणून आयप्सिकने डोकं नसलेलं, आठ कोनांचं लक्ष्य आणलं. अमेरिकन खेळाडू त्याला चेष्टेने कासव म्हणतात. १९९३ ची जागतिक स्पर्धा इंग्लंडमधल्या बिस्लीला झाली. स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर, १९९७ साली, ब्रिटनने खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी घातली. अंजली भागवतने २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत चार सुवर्णपदकं मिळवली ती त्याच बिस्लीला. ती रायफलवाली. पिस्तूलवाल्यांना मात्र तिथे येण्यासाठी खास सवलत काढावी लागली होती. आपल्याकडे तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली या खेळाचं मुख्य काडतूस, ९ मिलिमीटरचं, प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. सामान्य परवानाधारकाला ते मिळत नाही.

कूपर स्वतः शेवटी या खेळावर नाराज होते. २००६ साली ते गेले. स्वसंरक्षणाची कसोटी म्हणून जे उभं केलं त्याची शर्यत झाली, ही त्यांची तक्रार उघड होती. ती करणारे ते एकटे नव्हते. १९९६ साली बिल विल्सन, केन हॅकाथॉर्न आणि इतरांनी अमेरिकेत आयडीपीए ही वेगळी संघटना काढली. पिस्तूल रोजच्या वापराचं, कपड्याखाली झाकलेलं, शर्यतीचं साहित्य बाद. त्यांनी भागाकारही टाकून दिला आणि बेरीज आणली. लागलेल्या वेळात हुकलेल्या प्रत्येक गुणामागे अर्धा सेकंद मिळवायचा. २०१७ साली तो अर्ध्याचा एक सेकंद केला, कारण अर्ध्यात घाई अजूनही परवडत होती. आणि पिस्तूल झाकायला खेळाडूंनी मासेमारीची बिनबाह्यांची जाकिटं घातली. उजव्या खिशात काहीतरी जड टाकलं की ते हाताच्या एका फटक्यात मागे उडतं आणि उपसायला मूठ मोकळी होते.