काटा थांबू द्या

दारात रद्दीवाला येतो. अम्मी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाहेर आणते. रद्दीवाला तो ताणकाट्याच्या आकड्याला अडकवतो व हात सोडतो. काटा खालीवर नाचू लागतो. तेवढ्यात रद्दीवाला म्हणतो, "चार किलो!" हे वजन बरोबर मानावे का?

ताणकाट्यात एक स्प्रिंग असते. पृथ्वी गठ्ठ्याला खाली ओढते. या बलालाच वजन म्हणतात. ताणलेली स्प्रिंग गठ्ठ्याला वर ओढते. ही दोन बले एकमेकांच्या विरुद्ध दिशेने असतात. मोठ्या बलातून लहान बल वजा केले की जे उरते, ते निव्वळ बल होय. त्याची दिशा मोठ्या बलाची असते.

स्प्रिंग किती जोराने ओढते? इंग्लंडमधील शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये याचा नियम प्रसिद्ध केला. स्प्रिंगच्या लांबीतील वाढ दुप्पट झाली की तिचे बलही दुप्पट होते. मात्र स्प्रिंग फार ताणली, तर हा नियम लागू पडत नाही.

आता एक उदाहरण पाहू. १ किलोग्रॅमच्या वस्तूला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. सोयीसाठी आपण १० न्यूटन धरू. आपली स्प्रिंग १ सेंटिमीटर ताणली की २ न्यूटन बल लावते. वस्तूला हाताचा आधार देऊन ती स्प्रिंगला अडकवा. स्प्रिंग अजून ताणलेली नाही. आता हात काढून घ्या.

सुरुवातीला निव्वळ बल १० न्यूटन, खालच्या दिशेने.
३ सेंटिमीटर ताण : १० − ६ = ४ न्यूटन, खालच्या दिशेने.
५ सेंटिमीटर ताण : १० − १० = ०.
८ सेंटिमीटर ताण : १६ − १० = ६ न्यूटन, वरच्या दिशेने.

५ सेंटिमीटरवर निव्वळ बल शून्य आहे. तरी वस्तू तेथे थांबत नाही, कारण ती वेगात असते. पायडल मारणे थांबवले तरी सायकल पुढे जातेच ना? तसेच हे आहे. वस्तू जवळजवळ १० सेंटिमीटरपर्यंत खाली जाते आणि परत वर येते. हवेचा अडथळा व घर्षण यांमुळे तिचे हेलकावे हळूहळू कमी होतात. शेवटी ती ५ सेंटिमीटरवर स्थिर होते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. काटा वस्तूचे वजन नव्हे, तर स्प्रिंगचे बल दाखवतो. १० सेंटिमीटरवर स्प्रिंगचे बल २० न्यूटन असते. म्हणजे त्या क्षणी काटा १ किलोची वस्तू २ किलोची दाखवतो! वस्तू स्थिर झाली, की स्प्रिंगचे बल आणि वजन सारखे होतात. तेव्हाच काटा खरे बोलतो.

नाचणारा काटा वर असताना वाचला, तर आपले नुकसान होते. तो खाली असताना वाचला, तर रद्दीवाल्याचे नुकसान होते. मापात पाप नसावे, असे आपण म्हणतो. पण घाईमुळेही माप चुकते. म्हणून पुढच्या वेळी नम्रपणे म्हणा, "चाचा, जरा काटा थांबू द्या."