घर विक्रीस काढण्यापूर्वी

पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर दौंड तालुक्यातील यवत हे गाव लागते. कालव्याचे पाणी, उसाचे मळे, गुऱ्हाळे, रेल्वेचे स्थानक आणि संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम यांमुळे हे गाव दूरवर परिचित आहे. महामार्गालगत नवी घरे उभी राहत असताना यवतसारख्या गावांच्या जुन्या पांढरीत मात्र अनेक घरांना कुलुपे दिसतात. मुले नोकरीनिमित्त हडपसरला किंवा पुण्यात स्थायिक होतात, वडीलधारी माणसे निवर्ततात आणि मागे राहिलेले घर विकण्याचा विचार कुटुंबात सुरू होतो. त्याच वेळी बाजार मंद असला, तर महिनोन्महिने गिऱ्हाईक फिरकत नाही. आजारपण, शिक्षण किंवा कर्जफेड यांसाठी पैशाची निकड असलेले कुटुंब अशा वेळी मिळेल त्या किमतीला घर देऊन मोकळे होते.

मंदीत खरेदीदाराला निवडीस वाव असतो. एका घराच्या कागदांत शंका आली की तो दुसरे पाहतो. म्हणून विक्रीची तयारी रंगाच्या डब्यापासून नव्हे, तर दप्तरापासून सुरू झाली पाहिजे.

कराची नोंद म्हणजे मालकी नव्हे

गावठाणातील घरमालकाजवळ बहुधा ग्रामपंचायतीच्या नमुना 8 चा उतारा आणि घरपट्टीच्या पावत्या असतात. हाच मालकीचा पुरावा आहे, असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक ही कर आकारणीची नोंद होय. कर कोणाकडून वसूल करावयाचा, एवढेच तिच्यावरून ठरते. घराखालील जागेची हद्द, क्षेत्र आणि धारक दर्शविणारी नोंद म्हणजे भूमि अभिलेख खात्याची मिळकत पत्रिका.

काही मोठ्या गावांच्या गावठाणांची मोजणी पूर्वीच झाली होती. पण असंख्य गावे तशीच राहिली होती. ड्रोनच्या साहाय्याने गावठाण मोजण्याचा राज्यातील प्रारंभीचा प्रयोग यवतच्या शेजारच्या पुरंदर तालुक्यात, मल्हारगडाच्या पायथ्याच्या सोनोरी गावी झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्र शासनाची स्वामित्व योजना सुरू झाली. आपल्या घराची मिळकत पत्रिका तयार झाली आहे काय, तिच्यातील नाव व क्षेत्र बरोबर आहे काय, हे विक्रेत्याने प्रथम पाहावे. पत्रिकेतील क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिंती यांचा मेळ बसत नसेल, तर शेजाऱ्यांना समक्ष बोलावून मोजणी करून घेणे हिताचे ठरते. सामाईक भिंत, बोळ आणि पन्हाळीचे पाणी हे गावठाणातील तंट्यांचे नेहमीचे विषय आहेत. ते गिऱ्हाईक येण्यापूर्वीच मिटलेले बरे.

वारस आणि बहिणींचा हक्क

घर अद्याप आजोबांच्या नावे असणे ही दुसरी मोठी अडचण. मृत्यूचे दाखले मिळवून सर्व वारसांची नोंद करण्यास वेळ लागतो आणि तेवढा काळ खरेदीदार थांबत नाही.

यात बहिणींची नावे वगळण्याची जुनी रीत विशेष घातक आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो. वडिलार्जित मिळकतीत महाराष्ट्राने 1994 मध्ये व केंद्राने 2005 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मुलीस जन्मतःच हक्क दिला. 2005 च्या दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी स्पष्ट केले. साडीचोळी देऊन तोंडी घेतलेली संमती कायद्यापुढे टिकत नाही. बहीण स्वेच्छेने हक्क सोडणार असेल, तर हक्कसोडपत्राची नोंदणी व्हावयास हवी. ती वाटा मागत असेल, तर विक्रीच्या रकमेतील तिचा भाग आधीच ठरवावा आणि खरेदीखतावर तिची सही घ्यावी. सही नसलेल्या एका वारसामुळे अख्खा व्यवहार वर्षानुवर्षे न्यायालयात अडकू शकतो.

डागडुजी कोणती करावी?

कागदपत्रे पूर्ण झाल्यावर घराकडे वळावे. खर्च थोडा आणि योग्य जागी व्हावा. पहिला मान छपराचा. फुटकी कौले व गळके पत्रे बदलावेत, धाब्यावरील मातीचा थर व पाण्याचा उतार नीट करावा. वासे आणि तुळयांना वाळवी लागली आहे काय, हे सुताराकडून तपासावे. नंतर सांडपाण्याचा निचरा, शौचालय आणि विजेच्या तारा पाहाव्यात.

मातीच्या जुन्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. त्यामुळे ओल आत कोंडते व कालांतराने गिलावा सुटतो. अशा भिंतींना मातीचा गिलावा व चुन्याची सफेदी मानवते. घर रिकामे असल्यास दारे-खिडक्या मधूनमधून उघडाव्यात, अडगळ काढावी, अंगण झाडून घ्यावे. बंद घराची कोंदट हवाच गिऱ्हाइकाला परत पाठविते.

ओल रंगाखाली झाकणे मात्र सर्वथा अनुचित होय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. मालकीचे कागद तपासणीस देणे आणि विक्रीच्या तारखेपर्यंतची सरकारी देणी चुकती करणे हीदेखील त्याचीच जबाबदारी. म्हणून घरपट्टी, पाणीपट्टी व वीजबिलाच्या पावत्या एकत्र ठेवाव्यात. पतसंस्थेचे कर्ज फिटले असल्यास बोजा कमी झाल्याची नोंदही पाहावी.

किंमत आणि नोंदणी

घर बांधताना झालेला खर्च आणि घराविषयीचा जिव्हाळा यांवरून किंमत ठरत नाही. नजीकच्या काळात गावात झालेल्या व्यवहारांची माहिती नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक 2 वरून मिळते. शासनाचे वार्षिक मूल्यदर तक्ते मुद्रांक शुल्काच्या आकारणीसाठी असतात. मंद बाजारात तेवढी किंमत मिळेलच असे नाही. शुल्क मात्र करारातील किंमत आणि तक्त्याप्रमाणे येणारे मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर पडते. खरेदीदाराच्या खिशाला हा भार किती जाणवतो, हे टाळेबंदीनंतरच्या मंदीत दिसून आले. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 या काळात राज्याने मुद्रांक शुल्कात 3 टक्क्यांची सवलत दिली, तेव्हा नोंदणी कार्यालयांत गर्दी झाली होती.

विसाराची रक्कम लेखी पावतीवर घ्यावी. स्टॅम्पपेपरवरील साध्या लिखाणाने घराची मालकी जात नाही आणि येतही नाही. 100 रुपयांपासून पुढील मूल्याच्या घरासाठी नोंदणीकृत खरेदीखत आवश्यक आहे.

पंचायतीने काय करावे?

या कामी ग्रामपंचायत सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी आणि शिक्षक यांना बरेच काही करता येण्यासारखे आहे. नमुना 8 वरील मृत व्यक्तींच्या नावांची यादी ग्रामसभेत वाचली जावी आणि वारसांना अर्ज करण्यास सांगावे. मिळकत पत्रिकेचा अर्थ लोकांना समजावून द्यावा. नोंदी वेळच्या वेळी अद्ययावत राहिल्या, तर अडचणीच्या दिवसांत कोणत्याही कुटुंबाला आपले घर कवडीमोलाने देण्याची पाळी येणार नाही आणि घेणाऱ्यासही आपल्या छपराखाली निर्धास्त झोप लागेल.