पाळणा ते अंगण (लेखांक ७) : दुसऱ्या दिवशीचं खेळणं

संक्रांत झाली. आता रथसप्तमीपर्यंत घरोघर बोरन्हाणं चालतील आणि ती उरकेपर्यंत परभणीत उरुसाचे वेध लागतील. फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक साहेबांचा उरूस भरला की जिंतूर, पाथरी, मानवत, पालम अशा चहूकडच्या गावांतून सगळ्या जातिधर्मांची माणसं येतात. दर्ग्यात डोकं टेकवायचं, रहाटपाळण्यात बसायचं, भजी खायची आणि परतताना घरच्या लेकरासाठी काहीतरी घ्यायचं. फुगा, पिपाणी, चाकाचं बदक, नाहीतर बटण दाबलं की गाणं म्हणत पळणारी मोटार. मागच्या लेखात रांगत्या बाळाच्या ताटात काय वाढावं ते पाहिलं. आज त्याच बाळाच्या हातात काय द्यावं, ते पाहू.

सुरुवात माझ्याच फजितीपासून करते. दोन वर्षांपूर्वी एका जत्रेत नातवासाठी अशीच एक मोटार घेतली. तेव्हा तो तेरा महिन्यांचा होता. दुकानदाराला विचारलं, "भाऊ, टिकेल ना?" तो म्हणाला, "मावशी, लेकरू हाय, मोडलं तर दुसरं न्या." त्याच्या बोलण्यात खोटं काहीच नव्हतं. पहिल्या दिवशी मोटार गायली, पळाली, दिवाणाला धडकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पोटाखालचं झाकण निघालेलं दिसलं. स्क्रू नव्हताच, नुसतं खाचेत बसवलेलं झाकण होतं. आत तीन बटण-सेल होते, चकचकीत, शर्टाच्या बटणाएवढे. दोन फरशीवर सापडले, तिसरा सापडेना. तो मिळेपर्यंत घरातलं कुणी खाली बसलं नाही. गादी झटकली, केरसुणीने कोपरे ओढले, बाळाच्या तोंडात बोट घालून पाहिलं (तसं करू नये, हे त्या घटकेला कुणाला आठवतं!). शेवटी दिवाणाच्या पायामागे मिळाला.

तेव्हापासून खेळणं नवं असताना कसं दिसतं हे मी फारसं बघत नाही. ते मोडल्यावर आतून काय निघेल, हे बघते. कारण लहान मूल खेळण्याशी एक दिवस खेळतं आणि मोडक्या खेळण्याशी सहा महिने.

बटण-सेलचं एवढं भय का, तेही सांगते. बाजारात सहज मिळणारा सीआर २०३२ सेल घ्या. त्याच्या नावातच त्याचं माप आहे : २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड. एवढी चकती लहान बाळाच्या अन्ननलिकेत नेमकी अडकते. तिथे ओलावा असतो, त्यातून वीज वाहू लागते आणि सेलच्या कडेला कॉस्टिक सोड्यासारखा दाहक क्षार तयार होतो. सेल फुटावा लागत नाही, गंजावाही लागत नाही. दोन तासांत आतली त्वचा खोलवर भाजू शकते. मोटार चालण्याइतका जोर नसलेला, आपण 'संपला' म्हणून ताटलीत टाकलेला सेलही हे करू शकतो. म्हणून सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायला जाऊ नये. लगेच दवाखाना गाठून एक्स-रे काढावा. रात्रीची वेळ आहे, सकाळी बघू, असं तर मुळीच म्हणू नये. चुंबकांचंही असंच. एक गिळलं तर बहुधा निघून जातं. दोन गिळली तर आतड्याच्या दोन वळशांतून ती एकमेकांना ओढतात आणि मधली आतडी चिमटीत सापडते.

आता मापाकडे येऊ. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जगभर एक साधी नळी वापरतात. तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, म्हणजे जेमतेम सव्वातीन सेंटीमीटर. न दाबता जो तुकडा या नळीत पूर्ण मावतो, तो घशात अडकू शकतो असं धरतात. ही नळी घरी करता येते. जाड पुठ्ठ्याची सुरळी करा, आतली रुंदी पट्टीने मोजा आणि चिकटवून टाका. मग घरातल्या एकेका वस्तूवर आजमावून बघा. दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, ते सहज आत जातं. म्हणजे आपल्या खिशातलं कुठलंही नाणं जातं. गोटी जाते, चिंचोका जातो, पैंजणाचं घुंगरू जातं, पेनाचं टोपण जातं. चेंडूसारख्या गोल वस्तूला माप याहून मोठं हवं, कारण गोल वस्तू घशात बुचासारखी बसते. तीन वर्षांखालच्या मुलाचा चेंडू साडेचार सेंटीमीटरहून मोठाच असावा.

आणि बोरन्हाण? मला हा सोहळा मनापासून आवडतो. काळं झबलं, हलव्याचे दागिने, मुकुट, बासरी, हे सगळं हवंच. पण आपण करतो काय? दहा महिन्यांच्या बाळाला पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरं, शेंगा, ओला हरभरा, उसाचे करवे, हलवा आणि गोळ्या ओततो. वरच्या नळीत मावणाऱ्या जवळजवळ सगळ्या वस्तू एकाच परातीत! शेजारपाजारची मोठी पोरं झडप घालून वेचतात, बायका हसत असतात, आणि पाटावरच्या उत्सवमूर्तीने मुठीत काय घेतलं याकडे कुणाचंही लक्ष नसतं. याच वयात, आठव्या ते दहाव्या महिन्यात, बाळाला एक नवी विद्या आलेली असते : चिमूट. अंगठा आणि तर्जनी जुळवून बारीक वस्तू उचलणं. ती आली की केरसुणीला न सापडलेला हरभऱ्याचा दाणा बाळाला सापडतो. आपल्याकडे तर सुगीला घरातच तूर, सोयाबीन, हरभऱ्याची पोती असतात. बारीक पोराच्या श्वासनळीतून डॉक्टर जे काढतात त्यात आपल्या देशात शेंगदाणा नेहमीचाच. तो चावायला दाढा लागतात, आणि त्या अजून आलेल्याच नसतात. अख्खा दाणा चार वर्षांच्या आत नकोच. कूट चालेल.

बाळावर नुसते चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओताव्यात. बोरं-गोळ्यांची परात मोठ्या पोरांसाठी पलीकडे, वेगळ्या चादरीवर रिकामी करावी आणि चादर लगेच उचलावी. आमच्या घरी मागच्या वर्षी असंच केलं. एका आजींनी नाक मुरडलं, फोटो मात्र छान आले.

तरीही घशात काही अडकलंच तर? बाळ मोठ्याने खोकत असेल तर खोकू द्यावं. आवाज निघत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घ्यावं, डोकं खाली ठेवावं आणि दोन्ही खवाट्यांच्या मधे तळहाताने पाच जोरकस थापा द्याव्यात. मग उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच वेळा दाबावं. वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करत राहावं. दुसऱ्याने १०८ लावावा. वस्तू दिसत नसताना बोट घालू नये, ती आणखी खाली जाते. आणि ठसका थांबला म्हणून निर्धास्त होऊ नये. दाणा आत जाऊन बसला असेल तर दिवस-दोन दिवसांनी घरघर सुरू होते.

कायदा काय म्हणतो? १ जानेवारी २०२१ पासून भारतात चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चिन्हाखाली सीएम/एल अशी अक्षरं आणि पुढे परवाना क्रमांक असतो. मोबाईलवर बीआयएस केअर नावाचं ॲप घेऊन तो क्रमांक टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं. आयएस ९८७३ या मानकात टोकदार कडा, बारीक सुटे भाग, आगीचा धोका, रंगातली शिसं वगैरे जड मूलद्रव्यं तपासतात. सेलवर किंवा विजेवर चालणाऱ्या खेळण्यांना आयएस १५६४४ लागू आहे. हे सगळं चांगलं आहे. पण जत्रेत खोकं नसतं. खेळणी चादरीवर ओतलेली असतात, तिथे चिन्ह कुठे शोधणार? शिवाय नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना या सक्तीतून सूट आहे, म्हणजे लाकडी खेळण्यावर चिन्ह नसलं तर ते बेकायदाच असेल असं नाही. मग उरतात आपलेच डोळे, नखं आणि कान. चाक जोराने ओढून बघा. डोळे नुसते चिकटवलेत की भरतकामाचे आहेत ते पाहा. रंग नखाने खरवडा. पिपाणी आपल्या कानाजवळ वाजवा आणि मग ती लेकराच्या कानाजवळ वाजणार आहे हे आठवा. सेलचं झाकण स्क्रूचं नसेल तर खाली ठेवून द्या, दुकानदार कितीही गोड बोलो. फुगा मोठ्यांनी फुगवून दाखवावा आणि फुटला की चिंधड्या तत्काळ उचलाव्यात. रबराचा तुकडा घशाला असा चिकटतो की थापांनीही निघत नाही.

रंगाचं निघालं म्हणून पाळण्याविषयी. पुष्कळ घरांत आजोबांच्या वेळचा लोखंडी पाळणा असतो, दर बाळंतपणाला त्यावर ऑइल पेंटचा नवा हात मारलेला. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. त्याआधीच्या पिवळ्या, केशरी रंगांत शिसं असणं नवलाचं नव्हतं. दात येणारं बाळ पाळण्याचा कठडा चोखतं, पोपडे खातं, आणि शिसं वाढत्या मेंदूचं नुकसान करतं, तेही बाहेरून काही न दिसता. पोपडे निघत असतील तर तो पाळणा माळ्यावर जाऊ द्या. घरातच कोरडा घासून रंग काढू नका, ती धूळ आणखी वाईट. पाळण्यावरचं चिमणाळं मात्र जरूर टांगा. तान्ह्याला वीत-दीड वीत अंतरावरचंच नीट दिसतं, त्यामुळे काळ्या-पांढऱ्या, लाल चिमण्या तेवढ्याच उंचीवर हव्यात. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळ हातावर रेटून वर उठू लागलं की चिमणाळं उतरवायचं, नाहीतर दोरी हाती लागते. गळ्यातल्या काळ्या दोऱ्याबद्दलही तेच म्हणेन. दृष्ट लागू नये म्हणून बांधायचाच असेल तर पायात बांधा, तोही बिनमण्याचा.

हे वाचून एखादी आई म्हणेल, मग द्यायचं तरी काय? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं, तेव्हा माँटेसरीची महागडी साधनं खेड्यात परवडणारी नव्हती. त्यांनी परिसरातल्या बिया, शंख-शिंपले, दगड, पानं यांचीच साधनं केली. मुलं मोजायला, लावायला, ओळखायला त्यांवरच शिकली. हा मार्ग मला आजही सगळ्यात शहाणा वाटतो. एवढंच ध्यानात ठेवायचं, की तिथली मुलं तीनच्या पुढची होती आणि शेजारी ताई बसलेली होती. साडेतीन वर्षांच्या हातातला सागरगोटा हे साधन, आठ महिन्यांच्या हातातला तोच सागरगोटा म्हणजे धावपळ.

आपल्या भागातलं साधन म्हणजे ज्वारीचं धाट. परभणी मोती हे वाण आपल्या कृषी विद्यापीठाने दिलं, लोक त्याच्या भाकरी-कडब्याचं कौतुक करतात. मला त्याच्या धाटातला पांढरा हलका भेंड आठवतो. भेंडाचे बैल, भेंडाची चाकं, सालीच्या काड्यांचं जू. गाडी तयार व्हायला अर्धी दुपार आणि मोडायला घटकाभर. मोडली की काय उरतं? धाट. ते गुरांपुढे टाकलं की झालं. मात्र साल ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलायचं काम मोठ्याचं.

वर्षाच्या आतल्या बाळाला डाव, वाटी, झाकणाचा डबा पुरतो. आत टाकणं आणि बाहेर काढणं, या खेळाला वर्षाच्या मुलाइतका रसिक दुसरा नाही. जुन्या मऊ साडीची घडी घालून शिवलेली, डोळे धाग्याने काढलेली बाहुली धुता येते, चोखता येते. उभं राहू लागलेल्याला पांगुळगाडा द्या. तो ढकलायला मुलाला स्वतःच्या पायावर उभं राहावं लागतं. चाकांचा गोल वॉकर त्याचा आधुनिक भाऊ समजू नका. त्यात मूल लोंबकळतं आणि अंगात ताकद नसताना उंबऱ्यापर्यंत, चुलीपर्यंत वेगाने पोचतं. कॅनडाने त्याची विक्री २००४ मध्येच बंद केली. दोन वर्षांनंतर भातुकली, ओली माती, पोळ्याचे मातीचे बैल. सावंतवाडीची सुंदर लाकडी फळं मात्र कपाटातच बरी, ती शोभेची आहेत.

जत्रेतली ती मोटार अजून आमच्याकडे आहे. सेल काढले, तारा ओढून टाकल्या, नातवाच्या आजोबांनी मोडक्या कडा कानशीने घासल्या. आता ती गात नाही. नातू तीन वर्षांचा झालाय, तिच्यात तुरीच्या शेंगा भरतो आणि अंगणातून ओढत नेतो. परवा मोंढ्यात जायचं म्हणून त्याने माझ्याकडे डिझेलला पैसे मागितले.