परवडणारे घर उन्हाळ्यातही सुसह्य हवे: चार गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात शेवटच्या मजल्यावरच्या वन-आरकेत रात्री अकरालाही भिंती तापलेल्या असतात आणि पंखा गरम हवाच फिरवत राहतो. हा त्रास बराचसा इमारतीच्या नकाशावरच ठरतो आणि नकाशावरच टाळता येतो.

गैरसमज १: वीज वाचवणारी इमारत ही श्रीमंतांची चैन आहे.

वस्तुस्थिती: राजकोटचा ‘स्मार्ट घर ३’ हा ११७६ घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेतला आहे. तिथे एएसी ब्लॉकच्या (हवेची सूक्ष्म छिद्रे असलेल्या हलक्या काँक्रीटच्या) भिंती, गच्चीवर उष्णतारोधक थर, बिजागरीवर उघडणाऱ्या खिडक्या आणि डक्टमधून हवा खेळती ठेवण्याची सोय केली. नेहमीच्या बांधकामाच्या मानाने खोलीचे कमाल तापमान सुमारे ५ अंशांनी कमी राहील, असे हे नियोजन आहे.

गैरसमज २: गरिबाघरी एसीच नाही, मग वाचवायचे काय?

वस्तुस्थिती: एसी नसतो, तिथे भिंत, छत आणि खिडकी एवढाच आधार असतो. एएसी ब्लॉकमधून काँक्रीटच्या मानाने उष्णता जवळपास आठपट कमी वाहते. सरकती खिडकी अर्धीच उघडते, बिजागरीची जवळपास पूर्ण. पश्चिमेला सावली मिळाली, तर संध्याकाळी भिंत कमी तापलेली असते. अशा घरात एसी घेण्याची वेळ लांबते आणि घेतला तरी तो कमी चालवावा लागतो.

गैरसमज ३: गच्चीवर सोलर बसवले की झाले.

वस्तुस्थिती: सोलर पॅनेल वीज तयार करतात, भिंतीतून येणारी उष्णता अडवत नाहीत. शिवाय उंच इमारतीत घरे अनेक आणि गच्ची एकच. म्हणून निवासी इमारतींसाठीच्या २०१८ च्या केंद्रीय ‘इको निवास संहिते’ने देशाच्या बहुतेक हवामानांसाठी भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली: दर चौरस मीटरला १५ वॅट. या मोजमापाला ‘आरईटीव्ही’ म्हणतात.

गैरसमज ४: हे दिल्लीचे काम, महापालिकेच्या हाती काय?

वस्तुस्थिती: २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारती ऊर्जा संवर्धन कायद्याच्या कक्षेत आल्या. पण बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिकाच देते. मुंबई व काही मोजके भाग वगळता राज्यभर लागू असलेल्या २०२० च्या विकास नियमावलीत हरित मानांकनानुसार मूळ एफएसआयवर (चटईक्षेत्र निर्देशांकावर) ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय मिळतो. पिंपरी-चिंचवडमध्ये मानांकित इमारतींना मालमत्ता करातही सवलत आहे. मात्र जादा एफएसआयचा लाभ आधी बिल्डरला होतो. राहणाऱ्याला तो मिळायचा, तर भोगवटा प्रमाणपत्राआधी प्रत्यक्ष तपासणी हवी. म्हाडा आणि आवास योजनेच्या निविदांत तर आरईटीव्हीची अट थेट घातली पाहिजे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना घर निवडायला फारसा वाव नसतो, त्यामुळे त्यांच्या वतीने हा आग्रह धरणे पालिकेचेच काम आहे.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास होत असेल, तर आर्किटेक्टकडून आरईटीव्हीचा हिशेब, खिडक्यांचा प्रकार आणि गच्चीवरच्या थराचा तपशील लेखी मागा. आणि सही करण्यापूर्वी तो करारनाम्यात घालून घ्या.