कंपायलरच्या तक्रारींचे वाचन : सी भाषेतील पहिल्या प्रोग्रॅमच्या निमित्ताने

सी भाषेच्या प्रात्यक्षिकाचा पहिला तास ज्यांनी घेतला आहे, त्यांना पुढील प्रसंग परिचयाचा असेल. विद्यार्थ्याने सात-आठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिलेला असतो. त्यात चूक एकच असते, परंतु पडद्यावर तीन-चार तक्रारी उमटतात. विद्यार्थी त्या वाचीत नाही, मोजतो. मोजून झाल्यावर हा विषय आपल्यासाठी नव्हे, असे त्यास वाटू लागते. इतक्यात पदव्युत्तर वर्गातील एखादा साहाय्यक येतो, हवे तेथे एक अर्धविराम टाकतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. प्रोग्रॅम चालू होतो, पण विद्यार्थ्याच्या हाती काही लागत नाही. अमरावती-अकोल्याकडील आपल्या वर्गांत मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण तर दुहेरी असते, कारण तक्रार इंग्रजीत असते आणि ती इंग्रजीही व्यवहारातील नव्हे. म्हणून चूक दुरुस्त करून देण्यापेक्षा तक्रार वाचावयास शिकविणे अधिक अगत्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एक उदाहरण घेऊ. अकोल्याच्या बाजारात कापूस विकलेल्या शेतकऱ्याची रक्कम काढावयाची आहे. प्रोग्रॅमच्या चौथ्या ओळीत 'क्विंटल' हा पूर्णांकी चल घोषित करून त्यास १२ ही किंमत दिली आहे. पाचव्या ओळीत 'दर' हा चल घोषित करून त्यास ७००० ही किंमत दिली आहे. सहाव्या ओळीत दोहोंचा गुणाकार छापावयाचा आहे. (चलांची ही नावे देवनागरीतच लिहिली तरी आता चालते. जीसीसी या कंपायलरने २०२० मधील दहाव्या आवृत्तीपासून तशी सोय केली आहे. भाषेचे राखीव शब्द मात्र रोमनच राहतात.) समजा, चौथ्या ओळीच्या अखेरचा अर्धविराम राहून गेला. जीसीसी दोन तक्रारी करतो. पहिली पाचव्या ओळीविषयी असते : 'इंट' या शब्दापूर्वी स्वल्पविराम किंवा अर्धविराम हवा होता. दुसरी सहाव्या ओळीविषयी असते : 'दर' घोषित केलेला नाही. विद्यार्थी पाचवी ओळ दहा वेळा तपासतो. तीत दोष नाही. सहावीतही नाही. आणि 'दर' तर त्याने आपल्या हाताने घोषित केलेला आहे! यंत्र खोटे बोलते, असे त्यास वाटल्यास नवल नाही.

यंत्र खोटे बोलत नाही. आपली वाट जेथे खुंटली ते स्थळ ते सांगते. चूक जेथे घडली ते स्थळ सांगण्याची त्याची प्रतिज्ञाच नाही. सी भाषेत ओळ संपली म्हणून वाक्य संपत नाही. बारा या अंकानंतर अधिक चिन्ह आले असते, तर पदावली पुढे चालू राहिली असती. म्हणून कंपायलर निमूटपणे पाचव्या ओळीत शिरला आणि 'इंट' समोर येताच थबकला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. तेथील परंपरेतील जुन्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. सलग, शब्द न तोडता लिहिलेल्या मजकुरात आधीचे वाक्य कोठे संपले, हे पुष्कळदा पुढचे वाक्य सुरू झाल्यावरच उमगते. भेद एवढाच की, पोथीचा अभ्यासक अर्थाच्या आधारे लेखकूची चूक सावरून घेतो. कंपायलरला अर्थ ठाऊक नसतो. अडल्यावर जीसीसी पुढील अर्धविरामापर्यंतचा मजकूर सोडून देतो. त्या सोडलेल्या मजकुरातच 'दर'ची घोषणा गेली, आणि त्यामुळे दुसरी तक्रार जन्मास आली. ती चूक नव्हे, पहिल्या चुकीची सावली आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली तक्रार तेवढी खरी मानावी, ती निवारून प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करावा. आणि सांगितलेल्या ओळीत दोष न आढळल्यास दृष्टी मागे न्यावी, पुढे नव्हे. क्लँग हा दुसरा कंपायलर अशा प्रसंगी चौथ्या ओळीच्या अखेरीसच बोट ठेवतो आणि अर्धविराम आहे असे समजून पुढे जातो. जीसीसीनेही २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून कित्येक ठिकाणी हीच रीत उचलली आहे. मिटविण्यास विसरलेल्या महिरपी कंसापुढे मात्र दोघांचाही इलाज चालत नाही. तक्रार फाइलच्या शेवटी उमटते, मग कंस कोठेही राहिलेला असो.

आता भाषेविषयी. 'एक्स्पेक्टेड' या शब्दाचा विद्यार्थ्याला ठाऊक असलेला अर्थ 'अपेक्षित'. तेव्हा अपेक्षित गोष्ट मिळाली असताना तक्रार कसली, असा गोंधळ होतो. तेथे 'हवे होते, मिळाले नाही' असा अर्थ घ्यावयाचा असतो. अघोषित चलाविषयीच्या तक्रारीपुढे 'फर्स्ट यूज इन धिस फंक्शन' अशी पुस्ती असते. 'या फंक्शनमध्ये तो प्रथम येथे आला आहे' एवढेच तिचे म्हणणे. पण 'आधी या फंक्शनमध्ये वापरा' अशी ती आज्ञा वाटणे सहज शक्य आहे. अशा दहा-बारा वाक्यांचा मराठी अर्थ प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावावा. खर्च कागदाचा.

तक्रार कोणाची आहे, हेही पाहावे लागते. 'स्टडआयओ' या हेडरऐवजी हात सवयीने 'स्टुडिओ' लिहून जातो. तेव्हा मूळ मजकुराचे परीक्षण सुरू होण्यापूर्वीच, फाइल सापडत नाही म्हणून काम थांबते. याउलट 'मेन'ची अक्षरे उलटसुलट होऊन 'मिआन' झाले, तर कंपायलरला त्यात काहीच वावगे दिसत नाही. त्या नावाचे फंक्शन असण्यास कोणती हरकत? अडतो तो लिंकर, आणि त्याच्या तक्रारीत आपल्या प्रोग्रॅमचा ओळ-क्रमांक नसतो. क्रमांक नाही, म्हणजे ओळ शोधीत न बसता नाव शोधावे.

टर्बो सी हे बोरलँड कंपनीचे १९८७ चे साधन. भारतातील महाविद्यालयांत त्यावर पिढ्या शिकल्या. 'कोनिओ' हेडर व पडदा पुसणारे 'सीएलआरएससीआर' हे त्यातील सोयीचे भाग. १९८९ च्या सी प्रमाणात ते कधीच नव्हते. जुन्या वहीतील प्रोग्रॅम लिनक्सवर उतरविला की आधी हेडर सापडत नाही. तो काढला की 'सीएलआरएससीआर' अनोळखी ठरते. जुना जीसीसी त्याबद्दल इशारा देऊन सोडी आणि लिंकर अडे. २०२४ च्या चौदाव्या आवृत्तीपासून कंपायलरच अडवितो. तक्रार बदलली, म्हणजे चूक वाढली असे विद्यार्थी समजतो. वस्तुतः तो एक पायरी पुढे आलेला असतो.

उरतात त्या तक्रार न होणाऱ्या चुका. 'स्कॅनएफ'मध्ये चलापूर्वीचे अँपरसँड गळले, किंवा तुलनेच्या दुहेरी बरोबर-चिन्हाऐवजी एकेरी पडले, तरी प्रोग्रॅम कंपाइल होतो. 'डब्ल्यू-ऑल' हा पर्याय दिल्यास जीसीसी या दोहोंविषयी इशारा देतो. पहिल्याच तासापासून तो पर्याय देण्याची सवय लावावी. त्यामुळे पडद्यावरील मजकूर वाढेल खरा, पण तोवर विद्यार्थी तो मोजीत नसेल.