छताला मारलेले हात

आमच्या घराचा स्लॅब १९७४ साली टाकला. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर बैठकीच्या खोलीत वरून पोपडे पडू लागले, म्हणून नेहमीच्या रंगारीकाकांना बोलावलं. त्यांनी घोड्यावर चढून एक कोपरा खरवडला आणि पंजाएवढा पोपडा माझ्या हातात ठेवला. वरच्या बाजूला इमल्शन, त्याखाली डिस्टेंपर आणि सगळ्यात आत निळसर झाक असलेला चुना. एका छताला पन्नास वर्षांत काय काय लागलं, ते त्या तुकड्यात थरांनी दिसत होतं.

स्लॅबच्या आधी छत रंगवण्याचा प्रश्न आमच्याकडे नव्हताच. आजोबांच्या घरात काही खोल्यांवर कडीपाट होता, बाकीच्यांवर उघडी कौलं. लाकडाला अधूनमधून तेल लावलं की झालं. स्लॅब आला आणि घराला सपाट, पांढरं छत मिळालं. तेव्हापासून दर रंगकामाला वर किती लागेल, हे विचारावं लागलं.

सुरुवातीची वर्षं चुन्याची. कळीचा चुना पिंपात रात्रभर विरवायचा, फडक्यातून गाळायचा, धरून राहावा म्हणून डिंक घालायचा आणि पिवळेपणा मारायला नीळ. एक हात उभा, एक आडवा. ओला चुना जवळजवळ दिसतच नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याची पुन्हा चुनखडी होते, तसा तो पांढरा होत जातो. म्हणून हात पुरेसा बसला की नाही, हे वाळल्यावरच कळायचं. काम अंदाजानं चालायचं, आणि माल इतका स्वस्त होता की अंदाज चुकला तरी खिशाला झळ बसत नसे. मोजली जायची ती मजुरी, ब्रासवर. शंभर चौरस फूट म्हणजे एक ब्रास.

पुढे डिस्टेंपर आला. पाण्यात कालवायची साधी पूड वाळल्यावरही अंगाला, कपड्यांना लागायची. ऑइल बाउंड डिस्टेंपरनं ती तक्रार बरीच कमी केली. तो किलोवर मिळे, त्यामुळे छताचा हिशेब वजनात आला. इमल्शन आल्यावर तोच हिशेब लिटरमध्ये गेला. मेट्रिक मापांचा कायदा १९५६चा, तरी खोली आपण आजही फुटांतच सांगतो. एक लिटर किती चौरस फुटांना पुरेल, हे एवढं डब्यावर पाहून घेतलं की गणित जुळतं.

आमची खोली दहा बाय बाराची. सपाट छताचं क्षेत्रफळ जमिनीएवढंच, म्हणजे १२० चौरस फूट. मध्ये दहा फूट लांबीची, फूटभर खाली आलेली तुळई असेल, तर तिच्या दोन बाजूंचे २० चौरस फूट वाढतात. आमच्याकडे तुळई नाही. साधं इमल्शन लिटरला एका हातात साधारण १०० ते १२० चौरस फूट जातं. दोन हातांना २ ते २.४ लिटर, वर दहा टक्के सांडलवंड धरली की जास्तीत जास्त २.६, म्हणजे ३ लिटर आणायचे. लिटरला २५० रुपये धरले तर रंगाचे ७५०. प्रायमरचा एक लिटर १५०चा. मजुरी चौरस फुटाला १२ रुपये धरली तर १,४४०. एकूण २,३४०. रंगात पाणी जास्त घालून हा आकडा खाली येत नाही. थर पातळ बसतो आणि तिसरा हात मारावा लागतो. जुलै २०१८ मध्ये रंगांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरी बिलातला मोठा वाटा मजुरीचाच राहतो.

हा हिशेब मी काकांना दाखवला. त्यांनी पोपड्याकडे बोट केलं. "हा चुना कुठे धरलाय?" चुन्याचा थर भुसभुशीत असतो. त्यावर चढवलेलं इमल्शन वाळताना आवळतं आणि खालच्या चुन्यासकट सुटून येतं. आमच्याकडे कधीतरी कुणीतरी न खरवडताच वरचा हात मारला होता. त्या वेळी वाचलेली मजुरी आता आम्ही भरत होतो. सगळं छत सिमेंटपर्यंत खरवडावं लागलं. नंतर पुट्टीचे दोन हात, घासकाम, मग प्रायमर. कोरी पुट्टी प्रायमर प्यायली आणि एका लिटरचे दोन लागले. रंग मात्र हिशेबाप्रमाणे तीन लिटरांतच बसला. दोन दिवसांचं काम पाच दिवसांवर गेलं.

लांबी-रुंदीचा गुणाकार शाळेतलं पोरही करील. छताचा खर्च ठरतो तो त्यावर आधी मारलेल्या हातांवरून, आणि ते कुणीच लिहून ठेवलेले नसतात. म्हणून अंदाज मागताना दर विचारण्याआधी एक कोपरा खरवडायला सांगावा. ओल दिसली तर गळती आधी बंद करावी. तिच्यावर टाकलेला रंग पुढच्या पावसाळ्यात फुगणारच.

काम संपल्यावर भिंतीतल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला. तारीख, सिमेंटपर्यंत खरवडल्याची नोंद, पुट्टीचे दोन हात, प्रायमर दोन लिटर, इमल्शन तीन लिटर. खाली जागा मोकळी सोडली आहे, पुढचा हात मारणाऱ्यासाठी.