थाळी ऐकली, पण शब्द ऐकला का?

मंडळी, मागच्या वेळी आपण पाहण्याबद्दल बोललो. आज ऐकण्याबद्दल बोलू, आणि सुरुवात आपल्या भंडाऱ्यापासूनच करू.

भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव. बाळाला ऐकू येतं की नाही हे पाहायचं, तर आजी त्याच्या मागे थाळी वाजवते. बाळ दचकलं, की घर निश्चिंत. आमच्या माहितीतल्या एका घरी असंच झालं. पोरगा थाळीला दचकायचा, पण तीन वर्षांचा झाला तरी बोलेना. "बाप बी उशिराच बोलला होता," असं म्हणून घरचे थांबले. चौथ्या वर्षी तपासणी झाली, तेव्हा कळलं की त्याला जन्मापासूनच फार कमी ऐकू येत होतं.

मग थाळीला तो दचकला कसा? आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी वळलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. नळीच्या तोंडाकडच्या पेशी उंच, बारीक आवाज टिपतात आणि आतल्या टोकाकडच्या पेशी खर्जातले. माणसात या पेशी एकदा मेल्या, की पुन्हा येत नाहीत. थाळीचा आवाज एवढा मोठा, की थोड्या उरलेल्या पेशींनाही तो पुरतो. जवळ वाजवली तर तिचा हादरा अंगालाही जाणवतो. पण 'स', 'फ' हे आवाज हलके आणि उंच. ते निसटतात. अशा मुलाला 'सांग' म्हटलं, तर कदाचित 'आंग' एवढंच पोचतं. म्हणजे आवाज ऐकणं वेगळं आणि शब्द ऐकणं वेगळं.

आमचा विषय तत्त्वज्ञान. न्यायदर्शन सांगतं, की इंद्रियाला विषय मिळाला तरी पुरत नाही, मनाचा संयोग लागतो. आजच्या भाषेत 'मन' या शब्दाच्या जागी 'मेंदू' घालता येईल असं आम्ही म्हणणार नाही, ते घाईचं होईल. पण नुसत्या कानाने ऐकणं पूर्ण होत नाही, एवढं दोन्हीकडे मान्य आहे.

मेंदू हे केव्हा शिकतो? १९८४ साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीज यांनी तान्ह्या बाळांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी हिंदीतले 'त' आणि 'ट' वापरले. आपल्याला हा फरक सहज कळतो, इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला अवघड जातो. गंमत बघा, इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेक बाळांना कळेनासा झाला. म्हणजे बाळ बोलायला लागण्याआधीच मेंदू घरातले आवाज निवडून घेतो.

मग ज्याच्यापर्यंत आवाजच पोचत नाही, त्याच्या मेंदूचं काय? अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ अनु शर्मा यांनी याच प्रश्नावर काम केलं आहे. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, आवाज ऐकवायचा आणि मेंदूच्या श्रवणभागात पहिली ठळक विद्युत्-लहर किती वेळाने उठते ते मोजायचं. नवजात बाळात ती सुमारे ३०० मिलिसेकंदांनी उठते, प्रौढात सुमारे ६० मिलिसेकंदांनी. ऐकण्याचा सराव वाढतो तसा हा वेळ कमी होतो. जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्यावर त्यांनी हेच मोजलं. २००२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळालेल्या मुलांची लहर लवकरच वयाप्रमाणे येऊ लागते. सात वर्षांनंतर मिळालं, तर बहुतेकांची तशी येत नाही. रिकाम्या राहिलेल्या श्रवणभागात दृष्टी आणि स्पर्श हळूहळू जागा घेऊ लागतात, हेही त्यांच्या पुढच्या कामात दिसलं. पडीक बांधी कोणीतरी वाहायला घेतोच, तसं समजा.

याचा अर्थ उशीर झालेल्या मुलाचं सगळं संपलं, असा मुळीच नाही. भाषा हातांच्या खुणांनीही येते, आणि ती पूर्ण भाषा असते. पण तीसुद्धा लवकर मिळावी लागते. मूल कोणत्याही भाषेशिवाय राहणं, खरा तोटा तो.

म्हणून सांगणं एवढंच, की थाळीवर विसंबू नका. १९७८ साली डेव्हिड केम्प यांना असं आढळलं, की निरोगी कान स्वतःही अगदी क्षीण आवाज परत देतो. त्यावर आधारलेली तपासणी झोपलेल्या बाळावर काही मिनिटांत होते, दुखत काही नाही. पहिल्या महिन्यात ती करून घ्यावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे, आशाताईंना विचारा. आणि तपासणी चांगली आली तरी मूल बोलायला मागे पडतंय असं वाटलं, तर पुन्हा दाखवा.

धानाचा पेरा चुकला तर पुढच्या पावसाळ्याची वाट पाहता येते. इथे तशी सोय नाही.